नालासोपाऱ्यातील हिप-हॉप वर्ग : सहा महिन्यांचा अनुभव

बारावीनंतर नृत्यदिग्दर्शन हाच व्यवसाय करायचा, असे माझ्या मुलीने ठरवले, तेव्हा मी तिला घराजवळच्या एका हिप-हॉप वर्गात सहा महिन्यांसाठी घातले. वसई-नालासोपाऱ्याच्या मुलांचा ‘द किंग्ज’ हा चमू सुरेश मुकुंद यांच्या नेतृत्वाखाली २०१९ मध्ये अमेरिकेत ‘वर्ल्ड ऑफ डान्स’ ही स्पर्धा जिंकून दहा लाख डॉलरचा मानकरी ठरला होता, त्यामुळे या वाटेकडे तिचे लक्ष लागणे स्वाभाविकच होते.

पहिले दोन महिने या वर्गात एकही गाणे बसवले जात नाही, आणि माझ्या मते हीच त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. लॉस एंजेलिसच्या डॉन कॅम्पबेल यांचे लॉकिंग (चालू हालचाल अचानक गोठवणे), फ्रेस्नोच्या बूगालू सॅम यांचे पॉपिंग आणि न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधले ब्रेकिंग (जमिनीवर हातपाय टेकून करायचा नाच) या तिन्ही शैली तिथे वेगवेगळ्या शिकवतात. पॉपिंगमध्ये स्नायू तालावर आवळून क्षणात सैल सोडायचा असतो. केवळ दंडाला ते वळण लागायला माझ्या मुलीला तीन आठवडे लागले, पण सरांनी तिला पुढे ढकलले नाही.

नृत्यरचना त्यानंतर सुरू होते. आठ-आठ मात्रांचे तुकडे पाडून प्रत्येकाची जागा चौकटीच्या वहीत आखायची आणि मगच नाचणाऱ्यांना उभे करायचे, अशी तेथील पद्धत आहे. एकदा ऐन तालमीला आठांपैकी दोघी आल्या नाहीत, तेव्हा सरांनी माझ्या मुलीलाच दहा मिनिटांत रचना बदलायला लावली. या धंद्याची खरी ओळख मला वाटते तिला त्या दिवशी झाली. लग्नातले संगीत आणि शाळांची गॅदरिंग यांवर सुरुवातीची कमाई कशी उभी राहते, हेही ते आडपडदा न ठेवता सांगतात. शिवाय रचनेचे चित्रीकरण करून ठेवायला लावतात, कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचनेला नाट्यकृती म्हणून संरक्षण आहे, मात्र ती कोणत्या तरी स्वरूपात नोंदलेली असावी लागते.

उणीव एकच, पण गंभीर आहे. जमीन सिमेंटवर बसवलेल्या लाद्यांची आहे आणि ब्रेकिंगच्या सरावात मुलांचे गुडघे सुजतात. चौथ्या महिन्यात गाद्या आल्या, त्याही अपुऱ्या. प्रवेश घ्यावा, मात्र गुडघ्यांची पॅड पहिल्या दिवसापासून सोबत द्यावीत.