सियागंजातलं जडीबुटीचं दुकान: पाचापैकी चार तारे

इंदूरच्या सियागंज बाजारात पार्किंगच्या नावाने बोंब, गाडी घेऊन जाऊच नका. दुकान अरुंद, दारातच हरडा-बेहड्याची पोती. ह्यांच्या हृदयाचं पंपिंग इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ३० टक्केच आलं आणि नात्यातला जो तो वैद्य झाला, सगळ्यांचं एकच, "हृदयाला अर्जुनसाल (अर्जुनाच्या झाडाची साल) द्या."

पाव किलो साल मागितली. मालकाने काट्याला हात लावण्याआधीच विचारलं, "माताजी, अंग्रेज़ी गोली कौन-सी चल रही है? पर्चा दिखाओ." मोबाईलमधला फोटो दाखवला: डायजॉक्सिन आणि बीटा ब्लॉकर या हृदयाच्या गोळ्या, आणि लघवीवाटे पाणी काढणारी लॅसिक्स. साल दिली, पण त्यांचा तयार 'हृदय काढा' द्यायला साफ नकार. त्यात मुलेठी, म्हणजे ज्येष्ठमध, आहे म्हणे. ज्येष्ठमधाने अंगात मीठ-पाणी साठतं आणि पोटॅशियम उतरतं. लॅसिक्सनेही ते उतरतंच, आणि ते फार खाली गेलं की डायजॉक्सिन बाधतं. आमच्या डॉक्टरीणबाईंनीही पुढे हेच सांगितलं. गॅससाठी उचललेली लवणभास्कर चूर्णाची डबीसुद्धा त्याने परत फळीवर ठेवली; त्यात मिठंच मिठं, आणि ह्यांना वरून मीठ बंद. हातातलं गिऱ्हाईक असं कोण सोडतं?

साल चांगली आहे. लालसर, कोरडी, दाताखाली धरली की जीभ ओढते. भरडच घ्या, पावडरीत काय दळलंय ते देव जाणे. क्षीरपाकाला (दुधात उकळलेल्या काढ्याला) सालीच्या आठपट दूध, बत्तीसपट पाणी, आणि दुधाएवढं उरेपर्यंत आटवायचं. ह्यांना दिवसाला दीड लिटरच पाणी, तेव्हा हा पेलाही त्यातच धरायचा. सालीचं तयार बाटलीतलं औषध, अर्जुनारिष्ट, नको म्हटलं, त्यात गूळ आणि आंबून झालेलं मद्य, इथे शुगर आधीच वर.

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, अर्जुनावरचे अभ्यास छोटे आहेत, त्याच्या भरवशावर एकही गोळी सोडायची नाही. घ्यायचंच तर सांगून, आणि बीपी, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), पोटॅशियम तपासत राहायचं.

एक तारा कापला तो पुडीसाठी. नुसता कागद, त्यावर ना नाव ना तारीख. घरी येऊन मीच पेनाने लिहिलं, नाहीतर आमच्या डब्यांत ती दालचिनी म्हणून मसाल्यात गेली असती.

जायचं तर चारनंतर जा. दुपारी गल्ल्यावर नोकर असतो, तो पर्चा-बिर्चा विचारत नाही, मागाल ते बांधून देतो. काढासुद्धा.