खोल खाचा बघून टायर घेतला आणि घाटात आपटलो

मे एंडला माझ्या १५० सीसी बाईकच्या मागच्या टायरचा पार गोटा झाला होता, नवीन टायर (साइज १००/९०-१७) दोन हजाराच्या वरच सांगत होते म्हणून एका सेकंडहँड टायरवाल्याकडे गेलो. तो म्हणे "दादा, नव्या गाडीवरचा उतरवलाय, पोराने रुंद टायर टाकला, पाचशे किलोमीटर पण नाय झाला". काळाकुळकुळीत, खाचा खोल, मी बोट घालून बघितलं आणि ९०० देऊन मोकळा झालो. बिल वगैरे विचारूच नका.

जूनमध्ये कात्रज घाटात, पाऊस पण धड नाही नुसती भुरभुर, पुढच्या टेम्पोने ब्रेक मारला म्हणून मी जरासा मागचा ब्रेक दाबला तर चाक सरळ बाजूलाच गेलं. कोपर-गुडघा सोलला, मागून काही येत नव्हतं म्हणून वाचलो, आणि मी आपला रस्त्यावरच्या ऑइलला शिव्या देतोय.

पंक्चरवाले काका टायर फिरवून हसलेच. "याला कटिंग मारलंय." म्हणजे घासलेल्या टायरला गरम ब्लेडने परत खाचा पाडायच्या, वरून पॉलिश. टायरच्या बाजूला टीडब्ल्यूआय (म्हणजे टायर किती घासला ते दाखवणारी खूण) लिहिलेलं असतं ना, त्याच्या सरळ रेषेत खाचेत एक बारीक उंचवटा असतो, तिथपर्यंत घासला की टायर संपला (टू व्हीलरला कायद्याने ०.८ मिमी तरी खाच लागते). माझ्या टायरात तो उंचवटाच नाही, ब्लेडने उडवलेला! एका खाचेच्या तळाला तर धागे दिसत होते, कधीही फुटला असता. आणि टायर कधी बनला ते सांगणारे बाजूच्या लंबगोलातले चार आकडे ३११६, म्हणजे २०१६ चा एकतिसावा आठवडा. नव्या गाडीवरचा म्हणे.

मला वाटायचं खाचा आहेत म्हणजे ग्रिप आहे. अहो खाचा फक्त पाणी बाहेर काढतात, रस्ता धरतं ते रबर, म्हणून तर कोरड्या ट्रॅकवर रेसवाले बिनखाचांचे टायर लावतात. आणि माझं रबर असलं कडक की नख रुतेना, मग नक्षी कितीही छान असली तरी ओल्यात काय धरणार ते.

दुकानात गेलो तर "दादा महिनाभर चालवलाय तुम्ही, आता आमच्यावर ढकलता होय?" बिल नाही, काय बोलणार. शेवटी २२०० चा नवीन घेतला, कोऱ्या टायरवर ती केसासारखी रबराची टोकं असतात ना, ती आधी हात फिरवून बघितली, मगच बसवायला दिला.