घरी वापरायची स्टँडिंग फ्रेम: हाडांसाठी घेताय तर आधी हे वाचा

पाय साथ देत नाहीत अशांना आधाराने उभं करणाऱ्या या फ्रेमला पाचपैकी साडेतीन स्टार देतेय. चार का नाही ते शेवटी येईलच, पण आधी एक गोष्ट: हिच्या जाहिरातीत पहिल्याच ओळीत "हाडे मजबूत होतात" असं ठोकून दिलेलं असतं, आणि तेवढ्या एका ओळीवर कोणी घेणार असेल तर जरा थांबा, पूर्ण वाचा, मग ठरवा.

आधी माझं सांगते म्हणजे हा रिव्ह्यू तुमच्या कामाचा आहे की नाही ते कळेल. मला एमएस आहे, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार, आणि तोही सेकंडरी प्रोग्रेसिव्ह, म्हणजे हळूहळू वाढतच जाणारा. घरात-बाहेर व्हीलचेअर. हात बऱ्यापैकी चालतात, डावा पाय जवळपास नसल्यात जमा, उजवा त्याच्या मूडवर. स्पॅस्टिसिटी भरपूर, पाय मध्येच काठीसारखे ताठ होतात, रात्री तर विचारूच नका. डेक्सा स्कॅनमध्ये, म्हणजे हाडांची घनता मोजतात त्यात, कमरेच्या सांध्याचं हाड पातळ झालेलं दिसलं आणि फिजिओ म्हणाल्या की उभं राहायचं काहीतरी बघूया, तिथून ही फ्रेम.

मी घेतली ती हातपंपाची, बसल्या जागेवरून उभं करणारी. सीटवर सरकायचं, पावलं खालच्या प्लेटवर ठेवायची, गुडघ्यांसमोर पॅड, कमरेमागे पट्टा, पुढे छातीला टेकायला पॅड आणि ट्रे. हँडल मारत गेलं की हायड्रॉलिकवर सीट मागून वर येते आणि आपण हळूहळू सरळ होतो. दुसरा एक साधा प्रकार असतो, नुसती चौकट आणि पट्टे, त्यात आपणच हाताने ओढून किंवा कोणीतरी उचलून उभं करायचं. ती हलकी, जागाही कमी खाते, पण हातात ताकद हवी नाहीतर उचलणारा माणूस रोज हवा. टिल्ट टेबल म्हणजे झोपवून पट्टे बांधून हळूहळू उभं करतात ते, घरापेक्षा दवाखान्यातच बरं.

आता हाडांचं. हाडावर वजन आणि ताण पडत राहिला तर ते टिकतं, नाही पडला तर शरीर त्याच्यावर खर्च करायचं बंद करतं. जर्मन सर्जन वॉल्फने हे १८९२ मध्येच मांडलं होतं. अंतराळवीर रोज व्यायाम करत नसतील तर त्यांच्या नितंबाच्या हाडाची घनता महिन्याला साधारण १ ते दीड टक्क्याने कमी होते, आणि ती तर ठणठणीत माणसं. आपल्याकडे त्यात बाकीचं पण येऊन मिळतं. वारंवार घेतलेले स्टिरॉइड, उन्हात जाणं कमी म्हणून व्हिटॅमिन डी कमी, आणि ज्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही ती फिटची जुनी औषधं. एमएसमध्ये चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्याला कार्बामाझेपिन देतात ना, ते लिव्हरमधली एन्झाइम्स वाढवतं आणि त्यामुळे व्हिटॅमिन डी शरीरात लवकर मोडतं. फेनिटॉइनचं पण तसंच. म्हणून अशी गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर डीची लेव्हल तपासा असं डॉक्टरांना आपणहून सांगावं लागतं, गोळी मनाने बंद मात्र करू नका.

तर मग फ्रेममध्ये उभं राहिलं की हाडं वाढतात का? खरं उत्तर असं की नुसतं स्थिर उभं राहून मोठ्या माणसांच्या हाडांची घनता वाढते याचा पुरावा कमकुवत आहे, आणि दुखणं जुनं झालेलं असेल तर आणखीनच. कारणही समजण्यासारखं आहे, हाडाला बदलता ताण लागतो, चालताना टाच आपटते, स्नायू खेचतात, तसला. फ्रेममध्ये आपण बांधलेले, स्नायू अर्धे झोपलेले. शिवाय सगळं वजन पायांवर येतंच असं नाही, थोडं गुडघ्याच्या पॅडवर जातं, थोडं पट्ट्यावर, थोडं आपण ट्रेवर कोपर टेकवून खातो. माझ्या फिजिओने दोन्ही पावलांखाली एकेक वजनकाटा सरकवून बघितलं तर डाव्या पायावर इतकं कमी वजन होतं की आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो. मग पट्टा एक घर सैल केला, पॅड गुडघ्याच्या वाटीवरून काढून वाटीच्या खाली आणला, कोपरं उचलायला लावली, तेव्हा कुठे आकडा हलला. तुमच्या फ्रेमच्या प्लेटवर काटा बसत असेल तर हे नक्की करून बघा. कंपनीचा डेमो देणारा हे करत नाही, तो फक्त पट्टे आवळून "बघा किती छान उभ्या राहिलात" म्हणतो.

मग साडेतीन तरी कशाला दिले? कारण बाकीच्या गोष्टींना हिचा उपयोग झाला आणि तो खरा झाला. सकाळी उभी राहिले की पुढचे काही तास पाय मऊ असतात, कपडे घालताना नवऱ्याला कुस्ती खेळावी लागत नाही. घोटे आखडत चालले होते ते थांबलं. पोट साफ व्हायला मदत होते, हे लिहायला लाज कसली, व्हीलचेअरवरच्या प्रत्येकाला माहितीये हा विषय किती मोठा आहे. आणि समोरच्या माणसाशी त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून बोलता येतं, हे कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतं.

यावर ब्रिटनमध्ये एक नीट चाचणीपण झाली, २०१९ मध्ये लॅन्सेट न्यूरॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात आली. प्रोग्रेसिव्ह एमएस असलेले १४० जण, ज्यांना चालायला दोन्ही बाजूंनी आधार लागतो तिथपासून ते जवळपास पूर्ण वेळ खुर्चीत असणाऱ्यांपर्यंत. एका गटाला घरी फ्रेम दिली, आठवड्यातून ३ वेळा ३० मिनिटं उभं राहायचं, २० आठवडे. फिजिओने सुरुवातीला घरी येऊन शिकवलं, नंतर फोनवर विचारपूस. फ्रेमवाल्या गटाची हालचालीची क्षमता दुसऱ्या गटापेक्षा चांगली निघाली, पण संशोधकांनी आधी जेवढा फरक अर्थपूर्ण धरला होता तेवढा सरासरी फरक आला नाही. म्हणजे फायदा आहे, चमत्कार नाही. आणि तो सगळा अभ्यास हालचालीचा होता, हाडं भरून आली असं त्यात कोणी म्हटलेलं नाही, तेव्हा विकणारा त्याचं नाव घेऊन हाडांचं सांगायला लागला तर त्याला हेच विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला वाटतं खरेदीच्या आधी बघायची पहिली गोष्ट आहे: तुम्ही त्या सीटवर जाणार कसे आणि परत येणार कसे. उभं राहणं सोपं आहे हो, पंप मारला की झालं. पण व्हीलचेअरवरून सीटवर सरकताना पडलं तर ज्या हाडासाठी एवढं केलं तेच मोडायचं. आपल्यासारख्यांची हाडं बऱ्याचदा अशीच मोडतात, एका जागेवरून दुसरीकडे जाताना, वळताना, पाय कुठेतरी अडकून. माझ्या फ्रेमची सीट व्हीलचेअरपेक्षा चांगली चार बोटं उंच आहे, म्हणजे जाताना चढ आणि येताना घसरगुंडी. सरकायची फळी वापरूनही पहिले काही आठवडे नवरा समोर उभा असल्याशिवाय हिंमत होत नव्हती. काही मॉडेलमध्ये सीटची उंची बदलता येते, तेच घ्या, बाकी ट्रे मोठा की लहान, रंग कुठला, त्याला काही अर्थ नाही. चाकांचे लॉक पायाने लागतात की हाताने तेही बघा. माझे पायाने लागतात! ज्याचे पाय चालत नाहीत त्याच्यासाठी बनवलेल्या वस्तूला पायाने लावायचे लॉक कोणी दिले असतील त्याला एकदा भेटायचंय मला.

पहिल्या दिवशीच अर्धा तास उभं राहायला जाऊ नका. खूप दिवस बसून असलेल्या माणसाचं बीपी उभं राहिल्यावर एकदम खाली येतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. मी काही मिनिटांपासून सुरू केलं, आधी अर्धवट उंचीवर थांबायचं, बरं वाटलं तर अजून पंप. खाली आणणारा व्हॉल्व्ह आपल्या स्वतःच्या हाताला पोचतो का ते दुकानात बसून बघा, चक्कर आल्यावर कोणाला तरी हाक मारत बसायची वेळ येऊ नये. उतरल्यावर गुडघे, नडगी आणि टाचा बघायच्या, लाल डाग थोड्या वेळात गेला नाही तर पॅड चुकीच्या जागी आहे. संवेदना कमी असेल तर हे रोज, कंटाळा आला तरी.

उन्हाळ्यात त्रास होतो. अंग तापलं की एमएसमध्ये लक्षणं तात्पुरती वाढतात, याला उथॉफ इफेक्ट म्हणतात, १८९० मध्ये उथॉफ नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने लिहून ठेवलंय. फ्रेमचे रेग्झिनचे पॅड छातीला चिकटून बसतात आणि मी शिजते. समोर पंखा, मानेवर ओला रुमाल, आणि शक्यतो सकाळची वेळ, दुपारनंतर थकवा इतका असतो की उभं राहण्यात राम नाही.

स्पायनल इंज्युरीवाल्यांनी, म्हणजे मज्जारज्जूला इजा झालेल्यांनी, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊच नये. इजेनंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत पायांची हाडं फार वेगाने विरळ होतात, गुडघ्याच्या वरचं आणि खालचं टोक सगळ्यात जास्त, आणि तिथे फ्रॅक्चर झालं तरी दुखत नाही. नुसती सूज, गरमपणा, पाय ताठ होण्याचे अचानक वाढलेले झटके, एवढंच दिसतं. छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वरची इजा असेल तर अशा वेळी एकदम डोकं ठणकून बीपी चढू शकतं, ती इमर्जन्सी असते. वर्षानुवर्षं उभं राहिलेलं नसेल तर आधी हाडं तपासून घ्या, मगच वजन टाका. डेक्साचा रिपोर्ट वाचताना एक लक्षात ठेवा, उणे २.५ किंवा त्याखाली टी-स्कोअर (निरोगी तरुण माणसाच्या हाडांशी केलेली तुलना) म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं विरळ होण्याचा आजार, हे मुख्यतः पाळी गेलेल्या बायका आणि पन्नाशीपुढच्या पुरुषांसाठी. त्याहून तरुणांमध्ये झेड-स्कोअर, म्हणजे आपल्याच वयाच्या लोकांशी तुलना, बघतात. एमएस बहुतेकदा तरुणपणीच होतो, त्यामुळे आपल्यातल्या पुष्कळांना हे लागू आहे.

हाडांसाठी जे खरं काम करतं ते फ्रेमच्या बाहेर आहे. व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम तपासून भरून काढणं, पडणं टाळणं, आणि गरज असेल तर औषध. अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी उपाशीपोटी भरपूर पाण्याबरोबर घेऊन नंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नसतं, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. ज्यांना गिळायला त्रास आहे किंवा ताठ बसता येत नाही त्यांनी हे डॉक्टरांना आधीच सांगा, त्यांच्यासाठी वर्षातून एकदा सलाइनमधून द्यायचं झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड असतं.

हालचालीचं म्हणाल तर मी फ्रेमबरोबर रबरी बँडने हातांचे व्यायाम करते आणि बसून मारायचं पेडलचं छोटं मशीन चालवते. पेडलने दमसास वाढतो, पाय मोकळे होतात, हाडावर वजन मात्र नाहीच पडत, बसलेलेच असतो ना आपण. डब्ल्यूएचओने २०२० च्या सूचनांमध्ये पहिल्यांदाच अपंगत्व असलेल्यांसाठी वेगळा भाग दिला, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि निदान २ दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा. आकडा बघून मी हसले, पण त्यातच लिहिलंय की अजिबात न करण्यापेक्षा थोडं केलेलं बरं आणि हळूहळू वाढवा, तेवढं आपल्याला पुरतं. उभी असताना मी बँड ओढते, दोन्ही बाजूंना वजन टाकायचा प्रयत्न करते, एका जागी खांबासारखं उभं राहून मोबाइल बघण्यापेक्षा ते बरं असं फिजिओचंही म्हणणं.

विक्रीनंतरच्या सर्व्हिसबद्दल काय बोलू. हायड्रॉलिकमधून तेल गळायला लागलं तेव्हा "मॅडम वापर जास्त आहे का" असा प्रश्न आला. वापरायलाच घेतलीये ना. सील बदलून मिळालं पण तोपर्यंत फ्रेम कपडे वाळत घालायला कामी आली. घेण्याआधी सील, पॅड आणि पट्टे सुटे मिळतात का ते लेखी घ्या, आणि दोनचार दिवस घरी ट्रायलला मागा, तुमच्याच व्हीलचेअरवरून, तुमच्याच दारातून. माझी बेडरूमच्या दारातून जात नाही म्हणून हॉलमध्ये आहे आणि येणारा प्रत्येक पाहुणा आधी तिच्याकडे बघतो मग माझ्याकडे. पॅडची कव्हर निघत नाहीत, पुसूनच घ्यावी लागतात, घामाचा वास राहतो. कव्हर काढून धुता आलं असतं आणि लॉक हाताने लागले असते तर चार स्टार दिले असते.