'नस चढलीय' म्हणून आमच्या चिंगीच्या जिवाशी खेळ झाला, छोटी कुत्री असणाऱ्यांनी वाचा

आमची चिंगी पाच वर्षांची पॉमेरियन. जूनमध्ये सोफ्यावरून उडी मारली आणि एकदम किंचाळली, मागचा डावा पाय वर धरून तीन पायांवरच स्वयंपाकघरात गेली. दहा मिनिटांनी नीट चालायला लागली म्हणून आम्ही सोडून दिलं, पण मग रोज तेच, चार पावलं पाय वर, मग पाय मागं ताणून झटका द्यायची आणि परत नॉर्मल.

ओळखीतल्या एकानं घरी येणाऱ्या 'डॉक्टर'चा नंबर दिला. राजारामपुरीत आमच्या घरी आला, हात लावून लगेच म्हणाला नस चढलीय, चार वेळा मालिश केलं की बरी. एका वेळचे 600 आणि वर 'इंपोर्टेड कॅल्शियम' पावडरचे 2500, म्हणजे 4900 गेले. तो गुडघा दाबायचा तेव्हा चिंगी लई ओरडायची, आई तिचं डोकं मांडीवर धरून रडायची. कागदाच्या पुडीत पांढऱ्या गोळ्या दिल्या, नाव विचारलं तर म्हणाला दुखण्याची आहे, सकाळ संध्याकाळ अर्धी.

पाचव्या दिवशी तिनं जेवण सोडलं आणि शी डांबरासारखी काळी झाली. फोन केला तर म्हणतो उष्णता झालीय, ताक पाजा.

त्याच संध्याकाळी खऱ्या व्हेटकडं, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकडं नेलं. पुडीच्या तळाशी पाकिटाचा एक तुकडा निघाला, माणसांची दुखण्याची गोळी, डायक्लोफेनॅक! हे औषध दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मरायला लागली म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक बंद झालं, आणि कुत्र्याच्या पोटात त्यानं अल्सर होतात, किडनीही जाऊ शकते. काळी शी म्हणजे आतून रक्त. तीन दिवस सलाईन लावलं, ते दिवस कसे काढले आमचं आम्हाला माहीत.

पायाचं म्हणाल तर व्हेटनी अंगठ्यानं गुडघ्याची वाटी हळूच आत सरकवून दाखवली, पाय सरळ केला की परत जागेवर. वाटी सरकणं, ग्रेड 2 (1 सगळ्यात सौम्य, 4 सगळ्यात गंभीर). छोट्या जातींत हे खूप दिसतं आणि त्याचा नसेशी काही संबंध नाही. ग्रेड 1 आणि 2 ला बहुतेक वेळा वजन कमी करणं, उड्या बंद, गुळगुळीत फरशीवर चटया एवढ्यावर भागतं, त्रास वाढला किंवा 3, 4 असेल तर ऑपरेशन.

तुमचं कुत्रं लंगडलं तर आधी पंजात काटा, काच, तुटलेलं नख बघा. पाय अजिबात टेकवत नसेल, सूज असेल, किंवा उडीनंतर पुढचा पाय लोंबकळत असेल तर थांबू नका, छोट्या कुत्र्यांच्या पुढच्या पायाची हाडं बारीक असतात, नुसत्या उडीनंही मोडतात. मालिश नको, घरातली पेनकिलर तर नकोच. आणि घरी कोण येत असेल तर व्हेटर्नरी कौन्सिलचा (जनावरांच्या डॉक्टरांची नोंदणी करणारी संस्था) रजिस्ट्रेशन नंबर आधी मागा. आम्ही नंतर मागितला तेव्हा त्यानं फोन कट केला, आता उचलतच नाही.

चिंगी आता साडेपाचवरून पाच किलोवर आलीय. सोफ्यासमोर उशा लावल्यात, पण दारात स्कूटर थांबली की अजून पलंगाखाली जाऊन बसते.