क्रमांक बंद करावा, जर्सी टांगावी की पुतळा उभारावा? अमेरिकी विद्यापीठांच्या बास्केटबॉलमधील तीन पद्धती

आपल्या माजी खेळाडूंचा कायमस्वरूपी सन्मान कसा करावा, असा विचार ज्या क्रीडा समितीसमोर असेल, तिने अमेरिकी विद्यापीठांच्या बास्केटबॉलमधील पद्धती जरूर तपासाव्यात. तिथे प्रामुख्याने तीन मार्ग दिसतात: खेळाडूचा क्रमांक कायमचा बंद करणे, क्रमांक वापरात ठेवून जर्सी तेवढी सभागृहाच्या छताखाली टांगणे, आणि पुतळा उभारणे किंवा वास्तूला नाव देणे.

क्रमांक बंद करण्यामागची भावना आपल्याला नवी नाही. शार्दुल ठाकूर २०१७ मध्ये श्रीलंकेत १० क्रमांकाची जर्सी घालून उतरला, तेव्हा सचिनच्या चाहत्यांनी उठवलेला गदारोळ अनेकांना आठवत असेल. मात्र महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये या सन्मानाची किंमत अधिक होती, कारण पंच क्रमांकातला एकेक अंक एका हाताच्या बोटांनी दाखवत आणि त्यामुळे जर्सीवर ० ते ५ एवढेच अंक चालत. संघाच्या वाट्याला जेमतेम ३६ क्रमांक येत. ड्यूक विद्यापीठाने त्यातले तब्बल १३ बंद केले, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक. पुरुषांच्या स्पर्धेत २०२३-२४ च्या हंगामापासून ० ते ९९ मधील कोणताही क्रमांक घेता येतो, त्यामुळे ही अडचण आता सैल झाली आहे. तरी एकदा बंद केलेला क्रमांक पुन्हा उघडणे अवघड असते, हे समितीने विसरू नये.

याच बाबतीत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाची दुपदरी व्यवस्था मला सर्वांत विचारपूर्वक केलेली वाटते. वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा ठरावीक राष्ट्रीय पुरस्कारांपैकी एखादा मिळवणाऱ्याचाच क्रमांक तिथे बंद होतो. मायकेल जॉर्डन (२३), जेम्स वर्दी (५२), टायलर हॅन्सब्रो (५०) यांच्यासह आजवर आठच खेळाडू या पंक्तीत बसले आहेत. (त्यांपैकी जॅक कॉब यांच्या जर्सीवर क्रमांकच नव्हता, म्हणजे प्रत्यक्षात बंद झालेले क्रमांक सातच.) त्याखालच्या निकषांत बसणाऱ्यांची जर्सी टांगली जाते, पण क्रमांक चालू राहतो, व्हिन्स कार्टरचा १५ क्रमांक त्याच्यानंतरही इतरांनी घातला आहे. निकष लेखी असल्यामुळे लोकप्रियतेच्या लाटेवर निर्णय होत नाहीत.

कॅन्सस विद्यापीठाने याहून साधा मार्ग धरला असून तिथे जर्सी निवृत्त होते, म्हणजे टांगली जाते, क्रमांक बंद होत नाही. म्हणूनच त्यांच्या ॲलन फील्डहाउस या सभागृहात निक कॉलिसन आणि शेरॉन कॉलिन्स या दोघांच्याही ४ क्रमांकाच्या जर्सी टांगलेल्या आहेत, आणि पुढे ग्रेडी डिक हाच क्रमांक घेऊन खेळला. परंपरा नव्या खेळाडूच्या पाठीवर दिसत राहते, हा या पद्धतीचा मोठा गुण होय. छोट्या संस्थेने डोळे झाकून हीच पद्धत घ्यावी.

सन्मानासाठी खेळाडूने पदवी पूर्ण केलेली असावी, ही अट मात्र खरा वादाचा मुद्दा आहे. ड्यूकने ती अट पाळल्यामुळे एकेक हंगाम खेळून व्यावसायिक लीगमध्ये गेलेले कायरी अर्व्हिंग आणि झायन विल्यमसन यांचे क्रमांक तिथे बंद झालेले नाहीत. टेक्सासने मात्र एकच हंगाम खेळलेल्या केव्हिन ड्युरँटचा ३५ क्रमांक बंद केला. डेव्हिडसन महाविद्यालयाचीही पदवीची अट होती. तीन वर्षे खेळून २००९ मध्ये गेलेल्या स्टीफन करीने समाजशास्त्राची पदवी पूर्ण केल्यावरच, ऑगस्ट २०२२ मध्ये, त्याचा ३० क्रमांक निवृत्त झाला. शिक्षणसंस्थेला शोभणारी अट हीच, असे माझे मत आहे, कारण ती दार बंद न करता खेळाडूला परत बोलावते.

पुतळ्यांबद्दल अधिक सावध राहावे. खर्च मोठा असतो आणि चूक झाकता येत नाही. लुइझियाना स्टेट विद्यापीठाने आपले माजी खेळाडू पीट मॅराविच यांच्या निधनानंतर १९८८ मध्ये सभागृहाला त्यांचे नाव दिले, तर साउथ कॅरोलायना विद्यापीठाने आपली माजी खेळाडू एजा विल्सनचा पुतळा जानेवारी २०२१ मध्ये, ती २४ वर्षांची आणि ऐन भरात खेळत असताना, उभारला. घाई वाटावी असा हा निर्णय. पण वर्णभेदाच्या काळात आपल्या आजीला याच विद्यापीठाच्या आवारातून चालण्याची मुभा नव्हती, वळसा घालून जावे लागे, हे एजाने सांगितले आहे, आणि तिथे तिचा पुतळा उभा राहण्याचा अर्थ केवळ गुणसंख्येत मोजता येत नाही.

राहता राहिली वेळ. आयोवाने केटलिन क्लार्कचा २२ क्रमांक तिने विद्यापीठ सोडल्यावर वर्षभराच्या आत, २ फेब्रुवारी २०२५ रोजी, निवृत्त केला; योगायोगाने त्याच दिवशी साउथ कॅरोलायनात एजाचाही २२ च निवृत्त झाला. उलट विल्ट चेंबरलेन यांनी १९५८ मध्ये कॅन्सस सोडले आणि त्यांची १३ क्रमांकाची जर्सी टांगली गेली ती जानेवारी १९९८ मध्ये. १९५७ चा अंतिम सामना तीन जादा डावांनंतर एका गुणाने गमावल्याचा दोष लोक आपल्याला देतात, असे वाटून ते वर्षानुवर्षे तिकडे फिरकले नव्हते. त्या दिवशी ते आले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. नियम लिहिताना प्रतीक्षेची मुदत घालायचीच असेल, तर तिला कमाल मर्यादाही असावी.