आधी लिनिअर अल्जेब्रा की आधी स्टॅटिस्टिक्स?

नोकरी सांभाळून मशीन लर्निंग शिकणाऱ्याला सगळं गणित एकदम झेपत नाही. कॅल्क्युलसचं फार मनावर घेऊ नका. डेरिव्हेटिव्ह, चेन रूल आणि ग्रेडियंट एवढ्यावर सुरुवातीला भागतं. इंटिग्रेशनची उदाहरणं घोटत बसायचं कारण नाही. खरी निवड उरलेल्या दोघांत आहे.

लिनिअर अल्जेब्रा लागतं ते मॉडेलच्या पोटात शिरायला. हाताने लिहिलेल्या अंकाचं २८×२८ पिक्सेलचं चित्र म्हणजे ७८४ आकड्यांचा व्हेक्टर, म्हणजे ओळीने मांडलेली यादी. त्यापुढे १२८ न्यूरॉनचा (छोटी आकडेमोड करणाऱ्या घटकांचा) एकच थर जोडला, तरी वेट (प्रत्येक जोडणीचं वजन) आणि बायस (प्रत्येक न्यूरॉनमध्ये मिळवायचा आकडा) मिळून १,००,४८० आकडे मॉडेलला शिकायचे असतात. मॅट्रिक्सचे, म्हणजे आकड्यांच्या तक्त्यांचे, आकार जुळले नाहीत तर प्रोग्राम तिथेच थांबतो. चूक लगेच कळते, हा या विषयाचा मोठा दिलासा.

स्टॅटिस्टिक्समधली चूक गुपचूप बसते. समजा, एक आजार हजारात एकाला होतो. चाचणी ९९ टक्के रुग्ण पकडते आणि निरोगी लोकांपैकी १ टक्क्याला चुकून पॉझिटिव्ह ठरवते. एक लाख लोक तपासले तर ९९ खरे रुग्ण सापडतील आणि ९९९ निरोगी माणसं उगीच घाबरतील. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या शंभरातले जेमतेम नऊ आजारी! उलट, काहीच न तपासता सगळ्यांना ‘निरोगी’ म्हणणारं मॉडेल ९९.९ टक्के अचूक ठरतं. असल्या अचूकतेवर साहेब खूश होतात, आणि कोड कुठेही अडत नाही.

डॅशबोर्ड, सर्व्हे, ए/बी टेस्ट (दोन पर्याय वेगवेगळ्या लोकांना दाखवून तुलना), कर्जाची जोखीम असलं काम करायचं असेल तर निःशंकपणे स्टॅटिस्टिक्स आधी. इमेज किंवा लँग्वेज मॉडेल स्वतः बांधायची असतील तर लिनिअर अल्जेब्रा. अजून ठरलंच नसेल, तर माझं मत स्टॅटिस्टिक्सला. मॅट्रिक्सचा गुणाकार नमपाय (NumPy) हे पायथनमधलं तयार साधन करून देतं. तुमचा नमुनाच एकांगी आहे, हे ते सांगत नाही.

पीसीएशी (प्रिन्सिपल कॉम्पोनंट अ‍ॅनालिसिस, म्हणजे डेटाचं सार मोजक्या दिशांत काढण्याची पद्धत) पोचलात की मात्र या दोन विषयांमधलं कुंपण मोडतं. डेटातला विखुरलेपणा मोजायचा तो स्टॅटिस्टिक्समधल्या कोव्हेरियन्सने (दोन गोष्टी एकत्र किती बदलतात याच्या मापाने) आणि त्याच्या मुख्य दिशा शोधायच्या त्या लिनिअर अल्जेब्रातल्या आयगेनव्हेक्टरने. याच जातीची फोड सलग फलनांसाठी (कंटिन्युअस फंक्शनसाठी) मांडणारा निबंध गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबींनी १९४३ मध्ये, फर्ग्युसनमध्ये शिकवत असताना प्रसिद्ध केला होता. स्टॅटिस्टिक्सने सुरुवात केलेल्यांनी लिनिअर अल्जेब्रा उघडायची वेळ हीच.