बाईकवर जीपीएस: एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढल्यावर

आमचं काम सोलर पंप आणि मोटारींच्या पॅनलच्या सर्व्हिसचं. आज पाटणच्या डोंगरात, तर उद्या माणच्या माळावर. सातारा जिल्हा म्हणायला एक, पण महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिमीच्या वर पाऊस आणि दहिवडीकडे पाचशेच्या आतबाहेर. त्यामुळे बाईकवर लावलेल्या वस्तूचा कस दोन्ही बाजूंनी लागतो.

स्वतंत्र जीपीएस घ्यायचं म्हटल्यावर घरातून पहिला प्रश्न आला, मोबाईल असताना हे कशाला? प्रश्न रास्तच आहे. रोज साताऱ्यातच एमआयडीसी ते पोवई नाका एवढंच फिरणाऱ्यानं यात पैसे घालू नयेत, असं मी दोघातिघांना तोंडावर सांगितलंय. पण बामणोलीकडे उतरलं की रेंज गायब होते, आणि ऑनलाईन नकाशावर विसंबलेला माणूस तिथं बसतो चडफडत. जीपीएसला स्वतःला रेंज लागत नाही, सुमारे वीस हजार किलोमीटर वरच्या उपग्रहांकडून येणारा सिग्नल त्याला पुरतो. नकाशा मोबाईलमध्ये आधी उतरवून ठेवला तर तिथवर भागतंही. पुढं मात्र पाऊस आडवा येतो. मोबाईलच्या स्क्रीनवर थेंब पडला की तो बोट लागल्यासारखं समजतो आणि नकाशा आपला आपणच सरकायला लागतो. एप्रिलमध्ये म्हसवडच्या रस्त्यावर उलटी तऱ्हा: फोन तापतो, स्क्रीन मंद होते, चार्जिंग थांबतं. शिवाय कॅमेऱ्याचा प्रश्न आहेच. मोटरसायकलच्या इंजिनाच्या थरथरीनं कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा खराब होऊ शकते, असं खुद्द ॲपलनं 2021 मध्ये जाहीर केलं होतं. माझी बाईक चारशे सीसीची, सिंगल सिलिंडर. थरथर म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

युनिट सेकंडहँड घेतलं, नव्याच्या साधारण निम्म्या किमतीत. मॉडेल आता जुनं झालंय म्हणून नाव लिहीत नाही. पाच इंची स्क्रीन, हातमोज्यांनी चालणारा टच आणि आयपीएक्स 7 एवढं बघून घेतलं. या आयपीएक्स 7 बद्दल एक गैरसमज फार आहे. एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकेल, एवढाच त्याचा अर्थ. जोराच्या फवाऱ्याची चाचणी त्यात धरलेली नसते. म्हणून पावसात बिनधास्त चालवतो, पण वॉशिंग सेंटरला गाडी लावताना युनिट काढून खिशात.

आता खरा विषय, बसवणं. माझं मत विचाराल तर युनिट निवडायला जेवढा वेळ घालवाल, त्याच्या दुप्पट माउंट आणि वायरिंगला द्या. बहुतेक बाईकच्या हँडलची नळी क्लॅम्पच्या जागी 22 मिमी असते. तरी व्हर्नियर लावून मोजा, कारण जाड हँडलला 28 मिमी लागतं. युनिटबरोबर जो प्लॅस्टिकचा क्लॅम्प आला होता, तो खड्ड्यात हळूहळू मान टाकायचा. तो काढून एक इंची रबराच्या बॉलचा ॲल्युमिनियम माउंट लावला. रबर थोडी थरथर खातं आणि कोन हवा तसा धरता येतो.

जागा मीटरच्या बरोबर वर, नजरेच्या जितकी जवळ तितकी चांगली. ताशी 60 च्या वेगात एक सेकंद मान खाली घातली की गाडी सोळा मीटर पुढं गेलेली असते. टाकीवर माउंट लावणारे हौशी लोक बघितलेत, त्यांना साष्टांग नमस्कार. कायदाही हेच सांगतो: मार्ग शोधण्यापुरतं हातातलं उपकरण 2020 च्या नियमानुसार चालतं, पण चालवण्यावरचं लक्ष ढळता कामा नये.

वायरिंगसाठी एका गॅरेजवाल्यानं थेट बॅटरीला जोडून देतो म्हणून सांगितलं. मी नको म्हटलं. किल्ली काढल्यावरही चार्जर थोडा करंट खातच राहतो. समजा 20 मिलीअँप खाल्ला, तर दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-अवर जातो. आठ अँपिअर-अवरची बॅटरी आठवड्याभरात निम्मी होणार, आणि गाडी दिवाळीत घरी उभी राहिली तर पाडव्यानंतर ढकलत न्यायची. मी रिले टाकला, म्हणजे दुसऱ्या वायरच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच. त्याला इशारा टेल लाईटच्या वायरवरून दिला, म्हणजे किल्ली फिरवली की चालू आणि काढली की बंद. पॉझिटिव्हला बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज. फ्यूज लांब लावला तर बॅटरीपासून तिथवरच्या वायरला संरक्षणच राहत नाही, मग त्याचा उपयोग काय?

वायर बांधायच्या आधी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. सरळ हँडलला वायर ढिली दिसते, पण उजवीकडे लॉक केलं की टाकीच्या कोपऱ्यावर ताणते आणि तिथंच सोलते. मी हँडलच्या मानेपाशी एक सैल वळसा ठेवलाय. झिप टाय त्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक, वळशावर एकही नाही.

चालवण्यात काय अनुभव? घाटात वळणाची वरची आणि खालची बाजू जवळजवळ असते. कुंभार्लीत डोंगरानं आकाश अरुंद केलं की बाण मधेच वरच्या रस्त्यावर उडी मारतो आणि पुढच्या वळणाला परत येतो. त्यानं बिघडत काही नाही, घाटात रस्ता एकच असतो. खंबाटकीच्या बोगद्यात सिग्नल जातो, तेही चालतं. डोकेदुखी आपल्या पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरची, म्हणजे चौकाखालून जाणाऱ्या रस्त्याची. खाली उतरलं की सिग्नल नाही, आणि कुठल्या फाट्याला लागायचं हे नेमकं तिथंच ठरवायचं असतं. तिथं पाट्या बघा.

पत्ता शोधणं हा या युनिटचा सगळ्यात कच्चा भाग. वडगाव टाकलं की यादी येते, कारण जिल्ह्यात वडगाव एकच नाही. वाड्या-वस्त्या तर बऱ्याच सापडतच नाहीत. मी ओपनस्ट्रीटमॅपवरचा मोफत नकाशा टाकून घेतला, त्यानं निम्मं दुखणं गेलं. उरलेल्यासाठी शेतकऱ्याकडून व्हॉट्सॲपवर लोकेशन मागवतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश आदल्या रात्री युनिटमध्ये भरतो. नाव देताना खुणेची गोष्ट घालतो: 'मेढा, पुलापलीकडं, निळी टाकी'. एकदा भरलेलं ठिकाण पुढच्या सर्व्हिसला तयार मिळतं.

सेटिंगमध्ये 'सर्वात जवळचा मार्ग' चुकूनही ठेवू नका. जावळीत हे यंत्र दोन किलोमीटर वाचवायला बैलगाडीच्या वाटेनं न्यायला निघतं, आणि जुलैत ती वाट म्हणजे नुसता चिखल. तापोळ्याकडे जाताना बोटीचा मार्गही बंद करून ठेवा. नाहीतर शिवसागर जलाशयावरचा बार्ज रस्त्यासारखाच धरून वेळ काढला जातो, आणि बार्ज काय आपल्यासाठी थांबणार आहे?

पावसाळ्यानंतर, युनिट ज्यात बसतं त्या पाळण्यातल्या पितळी पिनांवर हिरवट थर आला होता, चार्जिंग मधेच तुटायचं. जुन्या टूथब्रशनं घासून डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या, ओल अडवणाऱ्या) ग्रीसचा बारीक हात दिला, त्यानंतर तक्रार नाही. माउंटचे बोल्ट महिन्याकाठी अ‍ॅलन कीनं तपासतो. एसटी स्टँडपाशी गाडी लावली की युनिट काढूनच जातो.

सेकंडहँड घेतल्याचा तोटा एकच, आतली बॅटरी थकलीय. बाईकवर असेपर्यंत कळत नाही. पण गाडी बांधावर लावून शेतात चालत जायचं म्हटलं तर वीसेक मिनिटांत स्क्रीन बंद. नवीन बॅटरी मागवलीय, झाकण मात्र रबरी सीलसकट उघडावं लागणार. ते सील परत नीट बसलं की नाही, हे जूनच्या पहिल्या सरीच्या आत बादलीत बुडवून बघणार आहे.